दोन इंजिनांचं विमान पडतं कसं?

२०१८च्या जूनमधला शेवटचा गुरुवार. संध्याकाळची कल्याण फास्ट घाटकोपरला थांबली आणि दारातल्या सगळ्यांच्या माना पश्चिमेकडे वळल्या. दिसण्यासारखं काही नव्हतं. ओल्या इमारती, छत्र्या, नेहमीची गर्दी. पण त्याच दुपारी, २८ जूनला एकच्या सुमारास, तिथून जवळच सर्वोदय नगरातल्या जीवदया लेनमध्ये एक छोटं विमान कोसळलं होतं. विमानातले चौघे गेले. दोन वैमानिक, एक देखभाल अभियंता, एक तंत्रज्ञ. रस्त्यानं चाललेला एक माणूसही गेला. विमान पडलं ती जागा बांधकामाची होती. मजूर जेवायला बाजूला गेले होते, म्हणून आकडा पाचावर थांबला.

शेजारी उभे असलेले गृहस्थ मोबाइलवर बातमी वाचत होते. त्यांनी विचारलं, "अहो, दोन इंजिनं होती म्हणतात. एक बंद पडलं तर दुसरं होतंच की. स्टेपनी असताना गाडी अडते कशी?"

पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरेपर्यंत डब्यात यावर चर्चा चालली. कुणी इंधनाला दोष दिला, कुणी पावसाला, कुणी विमानाच्या वयाला. प्रश्न मात्र माझ्याबरोबर डोंबिवलीला उतरला. मग वाचत गेलो, अपघातांचे अहवाल चाळत गेलो, आणि लक्षात आलं की सगळा घोळ त्या 'स्टेपनी' शब्दात आहे. दुसरं इंजिन डिकीत पडून राहत नाही. ते पहिल्याच्या जोडीनं, पहिल्यापासून ओढत असतं, आणि जोडीतलं एक थांबलं की उरलेलं नुसतं कमी पडतं असं नाही, ते विमान आडवंही करू शकतं.

वजनाचा भाग आधी बघू. हलकं विमान म्हणजे साधारण ५,७०० किलोपर्यंतचं. घाटकोपरचं विमान होतं बीचक्राफ्ट किंग एअर सी-९०, साडेचार टनांच्या आसपासचं, दोन्ही पंखांवर एकेक पंखावालं टर्बाइन इंजिन. किंग एअर पहिल्यांदा उडालं १९६४ साली आणि त्याची भावंडं आजही बनतात. राज्य सरकारं, उद्योगसमूह, एअर अॅम्ब्युलन्सवाले यांचं हे आवडतं विमान, कारण छोट्या धावपट्टीवर उतरतं. त्याहून लहान पायपर सेनेका किंवा डायमंड डीए-४२ ही विमानं उड्डाण शिकवणाऱ्या संस्थांत असतात. विद्यार्थी एका इंजिनाच्या विमानावर हात बसला की पुढे त्यांवर येतो.

एका इंजिनाच्या विमानाचं तसं सरळ असतं. इंजिन गेलं, तर विमान घरंगळत खाली येणार. वैमानिकाला शेत, माळ, नदीचं पात्र, जे सापडेल ते शोधायचं. निर्णय एकच, आणि तो परिस्थितीनं घेऊन टाकलेला. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पुस मॉथ विमान एका इंजिनाचंच होतं. दोन इंजिनांत एक गेलं, तर वैमानिकापुढे पर्याय उरतो, आणि तो पर्याय पेलायला वेग लागतो, उंची लागते आणि हातापायांत मुरलेला सराव लागतो. शिवाय साधा हिशेब असा की दोन इंजिनं असली तर त्यांतलं एखादं बिघडण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते.

आता ताकदीचा हिशेब. हा आमच्या डोंबिवलीकरांना लगेच कळेल. घरात दोन पगार, पन्नास-पन्नास हजारांचे. घराचा हप्ता, शाळेची फी, किराणा मिळून खर्च पंचेचाळीस हजार. महिन्याला पंचावन्न हजार शिल्लक. एक नोकरी गेली. कमाई निम्मी झाली, पण शिल्लक पंचावन्नवरून पाचावर आली, कारण खर्च तेवढाच राहिला. विमानाचं हेच होतं. नुसतं तरंगत राहायला ठरावीक ताकद खर्च होते, आणि उंची चढते ती उरलेल्या ताकदीवर. एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, चढण्याची क्षमता मात्र ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त घटते. त्यात बंद इंजिनाचा पंखा तसाच हवेत फिरत राहिला तर तो ब्रेकसारखा ओढ धरतो. घरात कमाई थांबली आणि वर आजारपण आलं, तशी गत. म्हणून वैमानिकानं तो पंखा 'फेदर' करायचा असतो, म्हणजे त्याची पाती धारेनं वाऱ्याकडे वळवून टाकायची, की अडथळा कमी होतो.

लहान दुइंजिनी विमानांच्या बाबतीत एक गोष्ट वाचून मी थबकलो होतो. अमेरिकेच्या जुन्या नियमांत, ६,००० पौंडांपर्यंतच्या आणि कमी वेगानं उतरू शकणाऱ्या विमानांना एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे अशी अटच नव्हती. किती चढतं किंवा किती खाली येतं, तेवढं मोजून पुस्तिकेत छापायचं. म्हणजे भर उन्हाळ्यात नागपूरसारख्या ठिकाणी, हवा तापून विरळ झालेली असताना, पूर्ण भरलेलं असं विमान एका इंजिनावर वर जाईलच याची हमी विमान बनवणाऱ्यानंही दिलेली नसते.

यापेक्षा घातक भाग पुढचा आहे. तो समजायला ठाण्याच्या तलावपाळीवर जाऊ. मासुंदा तलावात होडी वल्हवणारा माणूस दोन्ही वल्ही सारखी मारतो तोवर होडी सरळ जाते. एक वल्हं हातातून निसटलं आणि तो दुसरं तसंच जोरात मारत राहिला, तर होडी पुढे न जाता गोल फिरायला लागते. जितका जोर जास्त तितकी ती जास्त वळते. विमानाची दोन्ही इंजिनं पंखांवर, मधल्या रेषेपासून लांब असतात. डावं बंद पडलं की उजवं विमानाला डावीकडे फिरवतं. ते फिरणं रोखायचं शेपटीवरच्या सुकाणूनं, म्हणजे रडरनं, आणि रडर चालतो पायांनी.

होडी थांबवता येते. तलावाच्या मधोमध डुलत राहिली तरी बिघडत नाही. विमानाच्या सुकाणूला मात्र अंगावरून वाहणारी हवा लागते. वेग कमी, तर सुकाणूला जोर कमी. म्हणून अशा विमानांच्या वेगदर्शक तबकडीवर एक लाल रेघ आणि एक निळी रेघ काढलेली असते. लाल रेघेखाली वेग गेला, तर एका बाजूचं इंजिन पूर्ण ताकदीनं ओढत असताना पायानं कितीही दाबलं तरी विमान सरळ राहत नाही. निळी रेघ दाखवते तो वेग, ज्यावर एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढता येतं. लाल रेघेखाली विमान आधी नाक वळवतं, मग बंद इंजिनाच्या बाजूचा पंख खाली पडतो आणि काही क्षणांत विमान पाठीवर उलटतं. जमीन दोनशे-तीनशे फुटांवर असेल तर सावरायला जागाच नसते. यातून सुटायचा मार्ग माणसाच्या मनाला न पटणारा आहे. चालू असलेल्या इंजिनाचा जोर स्वतःच्या हातानं कमी करायचा आणि नाक जमिनीकडे झुकवायचं. जमीन अंगावर येत असताना जीव वाचवायला उरलेलं एकमेव इंजिन कमी करायचं, हे शंभरदा केलेलं असल्याशिवाय हातून होत नाही.

पाय चुकला तर काय होतं ते ३० जून २०१९ला अमेरिकेत डॅलसजवळच्या अॅडिसन विमानतळावर दिसलं. किंग एअर ३५०, सी-९०चंच थोडं मोठं भावंड, जमिनीवरून उचललं आणि डाव्या इंजिनाचा जोर गेला. दाबायला हवा होता उजवा पाय. तपासात निघालं की आधी डावा दाबला गेला. विमान उलटून एका हँगरवर पडलं, आतले दहाही जण गेले. चूक लक्षात येऊन पाय बदलला होता, पण तोवर उशीर झाला होता. उड्डाणापासून आदळेपर्यंतचा सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाच्या आतला.

कुठलं इंजिन गेलं हे ओळखणं आपल्याला वाटतं तितकं सोपं नाही. कॉकपिटमध्ये एकाच वेळी भोंगे वाजतात, विमान एका बाजूला ओढत असतं, काटे हलत असतात. ४ फेब्रुवारी २०१५ला तैवानच्या तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाचं एक इंजिन निकामी झालं आणि वैमानिकानं चालू असलेलंच बंद केलं. ते प्रवासी विमान होतं, हलकं नव्हे, पण चूक तीच. ४३ जण गेले. म्हणून दुइंजिनी विमान शिकवताना पहिल्या दिवसापासून एक वाक्य घोकून घेतात, 'डेड फूट, डेड इंजिन'. विमान सरळ ठेवायला ज्या पायाचा जोर लागतोय तो बाजूला ठेवा, जो पाय रिकामा आहे त्या बाजूचं इंजिन मेलेलं. मग त्या इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करणारा दांडा, हळूच मागे ओढून खात्री करायची आणि त्यानंतरच ते बंद करायचं. मला हे वाक्य फार आवडलं, कारण गोंधळात डोळ्यांवर आणि कानांवर विसंबू नका, अंगाला काय जाणवतंय ते विचारा, असं ते सांगतं.

मात्र पुढे नेमकं उलटं घडतं. आपल्याकडच्या बऱ्याच अपघातांत इंजिन गेलेलंच नव्हतं, आणि अंगाला जाणवलेलंच खोटं होतं.

ठाण्याला एक नंबरच्या फलाटावर गाडीत बसलेले असताना शेजारची लोकल सुटते आणि क्षणभर वाटतं, आपणच मागे सरकतोय. हा भास डोळ्यांचा. तसाच कानांचा असतो. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांतल्या द्रवाच्या हालचालीवरून शरीराला कळतं की आपण वळतोय. वळणं एकसारखं आणि सावकाश असेल, तर वीसेक सेकंदांत द्रवही त्याच गतीला लागतो आणि वळतोय ही जाणीवच जाते. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे दुरुस्ती करतात. ढगात किंवा धुक्यात शिरलात की ती सोय संपते. विमान एका पंखावर कलून खाली चाललेलं असतं आणि वैमानिकाला शपथेवर वाटतं की आपण सरळ उडतोय. उपाय एकच, समोरच्या उपकरणांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, स्वतःच्या अंगावर अजिबात नाही.

२२ डिसेंबर २०१५ची सकाळ, दिल्लीत धुकं. सीमा सुरक्षा दलाचं किंग एअर बी-२०० रांचीला निघालं होतं, आत तंत्रज्ञ होते. उडताच काही क्षणांत ते डावीकडे कलत गेलं आणि विमानतळाच्या कुंपणाजवळ द्वारकेला कोसळलं. दहाही जण गेले. तपासाचा निष्कर्ष इंजिनांवर बोट ठेवत नाही. पुरेशी उंची यायच्या आत ऑटोपायलट लावला गेला, पण त्याला कोणती दिशा धरायची ते सांगणारं बटण दाबलं गेलं नाही, विमान डावीकडे झुकत राहिलं आणि ते सावरलं गेलं नाही. एक बटण.

त्याच्या आधी, ३० सप्टेंबर २००१ला, माधवराव शिंदे गेले ते किंग एअर सी-९० विमानातच. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडहून निघालेलं हे घराणं ग्वाल्हेरला स्थिरावलं. माधवराव रेल्वेमंत्री म्हणून आपल्याकडच्या रोजच्या प्रवाशांनाही ठाऊक होते. दिल्लीहून कानपूरच्या सभेला निघालेलं त्यांचं विमान उत्तर प्रदेशात मैनपुरी जिल्ह्यात खराब हवामानात सापडून पडलं. त्यांच्यासह आठ जण गेले, त्यांत चार पत्रकार होते. सभा ठरलेली असते, लोक जमलेले असतात, नेता वेळेवर पोचायला हवा असतो. हवामान मात्र वेळापत्रक बघत नाही. हलक्या विमानांच्या इतिहासात 'जायलाच हवं' या दोन शब्दांनी किती बळी घेतले असतील, असं अहवाल वाचताना वारंवार वाटलं.

काही वेळा कारण इतकं किरकोळ असतं की वाचून पोटात कालवतं. २१ फेब्रुवारी २०१७ला ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावरून उडालेलं किंग एअर बी-२०० शेजारच्या खरेदी केंद्राच्या छपरावर पडलं, पाच जण गेले. दोन्ही इंजिनं चालत होती. रडरचा 'ट्रिम', म्हणजे सुकाणूला कायमचा थोडा कल देणारं चाक, डावीकडे टोकाला फिरवलेलं राहिलं होतं. उडण्याआधीच्या यादीत ते तपासायचं असतं. गोंदियाजवळ बिरसीच्या उड्डाण संस्थेचं प्रशिक्षणाचं विमान २६ एप्रिल २०१७ला वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या तारेला धडकलं, प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. तारेपुढे दोन इंजिनं असून नसून सारखीच.

आता परत घाटकोपर. त्या विमानाच्या नोंदणीची अक्षरं होती व्हीटी-यूपीझेड. भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाच्या नोंदणीची सुरुवात 'व्हीटी'नं होते, आणि पुढचं 'यूपी' त्याचा पूर्वेतिहास सांगतं. विमान आधी उत्तर प्रदेश सरकारकडे होतं. पुढे ते मुंबईच्या एका खासगी कंपनीनं घेतलं, दुरुस्तीत बराच काळ गेला, आणि त्या दिवशी जुहूहून त्याचं चाचणी उड्डाण होतं. दुरुस्ती नीट झाली की नाही ते बघण्यासाठीच ते उडालं होतं. जून संपत आलेला, आकाश पावसाळी, ढग खाली उतरलेले. जुहूला परतण्याच्या वाटेवर ते सर्वोदय नगरात पडलं.

तपासात पुढे आलं ते असं, की ढगाळ, पावसाळी हवेत परिस्थितीचं भान सुटलं आणि विमान 'स्टॉल' झालं. या शब्दानं आपल्याकडे गैरसमज होतो. रिक्षा सिग्नलला स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं. विमान स्टॉल होतं ते इंजिनं धडधडत असतानाही. हवा पंखाला एका ठरावीक कोनापर्यंतच पेलते. वेग घटला आणि उंची टिकवायला नाक वर उचलत गेलं, की तो कोन ओलांडला जातो, पंखावरून सुरळीत वाहणारी हवा सुटते आणि उचल अचानक संपते. उंचीवर असेल तर नाक खाली करून, वेग घेऊन पुन्हा सावरता येतं. घाटकोपरच्या छपरांवरून जाताना त्याला उंची कुठली?

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती निवडलेली वेळ. दुरुस्तीनंतरची चाचणी म्हणजे काहीतरी बिघडू शकतं हे गृहीत धरून केलेलं उड्डाण. त्याला स्वच्छ आकाश हवं, खाली मोकळी जागा हवी, मोकळा दिवस हवा. जूनअखेरीच्या मुंबईत यांतलं काही मिळत नाही. जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला, तेव्हा आजूबाजूला वाडी, खाजण आणि समुद्र होता. आज त्याच्या चारी बाजूंना माणसं राहतात.

आमच्या बाजूचंही तेच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ नेवाळीला धावपट्टी बांधली. त्यासाठी गेलेल्या जमिनींवरून २०१७च्या जूनमध्ये शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. त्या पट्टीभोवतीही आता वस्ती वाढत चालली आहे. मुंबईला पूर्वेकडून उतरणारी विमानं कोपरखैरणे आणि घाटकोपरच्या डोक्यावरून जातात. मोठ्या प्रवासी विमानांची मला फारशी चिंता वाटत नाही. एक इंजिन गेलं तरी त्यांना चढता आलंच पाहिजे असा नियम आहे, त्यांचे वैमानिक ठरावीक मुदतीनं सिम्युलेटरमध्ये हेच प्रसंग पुन्हा पुन्हा करतात. काळजी वाटते ती महिन्यातून मोजके तास उडणाऱ्या, कधी एकाच वैमानिकाच्या भरवशावर चालणाऱ्या छोट्या विमानांची. तिथे सराव खर्चिक वाटतो आणि तोच आधी कापला जातो.

नीट शिकवलेला वैमानिक धावपट्टीच्या टोकाला थांबून मोठ्यानं बोलतो, शेजारी कुणी नसलं तरी. अमुक वेगाच्या आत इंजिन गेलं तर थ्रॉटल मागे, ब्रेक, जागेवर थांबणार. चाकं उचलायच्या आत गेलं आणि समोर पट्टी शिल्लक असेल तर तिथेच उतरणार. त्यानंतर गेलं तर नाक खाली, निळी रेघ, पाय, ओळख, खात्री, फेदर. हात थ्रॉटलवर असतो. निर्णय जमिनीवरच झालेला असतो, वर फक्त अंमलबजावणी.

६ मे २०२१ला, कोविडची दुसरी लाट भरात असताना, रुग्ण घेऊन निघालेलं एक किंग एअर सी-९० नागपूरच्या धावपट्टीवरून उडालं आणि उडतानाच त्याचं एक चाक निखळून खाली पडलं. वैमानिकांना ते कळवलं गेलं. इंजिनं दोन्ही ठीक होती, उंची हातात होती, इंधन होतं, म्हणजे विचार करायला वेळ होता. त्यांनी मुंबईला यायचं ठरवलं, तोवर इथे धावपट्टीवर फेस पसरला गेला आणि बंब उभे राहिले. चाकं बाहेर न काढता, पोटावर, त्यांनी विमान त्या फेसात टेकवलं. ते घसरत गेलं आणि थांबलं. आग लागली नाही. रुग्णासह पाचही जण सुखरूप बाहेर आले.